आकड्यांचे कोठार

ग्वाल्हेरचे लष्कर हे नावच मुळी छावणीचे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास येथे पडला, तळाभोवती बाजार वसला आणि तळाचे शहर झाले. त्या शहरातील दाल बाजार ही गल्ल्या-किराण्याची ठोक पेठ. कोणते धान्य कोठे रचावे, कोणत्या थप्पीतून आधी काढावे, ओल लागू नये म्हणून काय करावे, हे तेथल्या पल्लेदाराला कोणी शिकवावे लागत नाही. अलीकडे मात्र व्यापाऱ्यापुढे दुसऱ्याच एका कोठाराचा प्रश्न येऊ लागला आहे. त्या कोठारात धान्य नसते. धान्याचे आकडे असतात.

डाळीची गिरणी, दोन गोदामे आणि शेजारच्या जिल्ह्यात एखादी शाखा, असा पसारा असलेली एक पेढी डोळ्यांपुढे आणावी. विक्रीची बिले संगणकाच्या एका आज्ञावलीत, मंडीतील खरेदीच्या पावत्या दुसरीत, गोदामाचा साठा तिसरीत, बँकेचा उतारा चौथीकडे, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु-सेवाकराची विवरणे पाचवीकडे. प्रत्येक हिशेब आपापल्या जागी बिनचूक असतो. तथापि मालकाने विचारावे, की कार्तिकात घेतलेली तूर भरडून, चुरी आणि कोंडा वजा जाता, अखेरीस क्विंटलमागे काय पडली? या पाचांपैकी एकही उत्तर देऊ शकत नाही. उत्तर असते ते मुनिमाच्या डोक्यात, आणि मुनीम थकून घरी बसला की ते त्याच्याबरोबर जाते.

आपल्याकडे ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा तोडगाही नवा नाही. दिवसाचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत लिहावयाचा, तेथून तो खात्याखात्यांत वाटून खतावणी करावयाची, आणि वर्षअखेर ताळेबंद काढावयाचा, ही तीन पायऱ्यांची शिस्त मराठी दप्तरांत पूर्वापार मुरलेली आहे. पाश्चात्त्य संगणकशास्त्राने 'डेटा वेअरहाऊस' म्हणून जे उभे केले त्याचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. आय. बी. एम. मधील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये या कल्पनेवर लेख लिहिला, बिल इनमन यांचे पुस्तक १९९२ मध्ये आले, राल्फ किंबॉल यांचे १९९६ मध्ये. ठिकठिकाणच्या कीर्दी एके जागी आणाव्यात, त्यांची भाषा एक करावी आणि मग त्यांची अशी खतावणी मांडावी, की कोणत्याही प्रश्नाला दोन घटकांत उत्तर मिळावे, इतकाच याचा अर्थ.

पूर्वी असे कोठार उभारावयाचे म्हणजे स्वतःची यंत्रे विकत घ्यावी लागत. आता ते भाड्याने मिळते. यालाच क्लाउड म्हणतात, शब्दशः मेघ. मेघ म्हटला तरी तो आकाशात नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जी केंद्रे उघडली त्यांतील एक पुण्यात आहे, आणि ॲमेझॉनचे केंद्र २०१६ मध्ये मुंबईस सुरू झाले. ग्वाल्हेरच्या पेढीचे आकडे पुण्याच्या दप्तरी जमा होऊ शकतात, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला गंमतीचा वाटेल.

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेक या संस्थेचे कोठार सध्या बरेच प्रचारात आहे. त्याची एक खुबी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. तेथे माल ठेवण्याचे भाडे वेगळे आणि माल हलविण्याची मजुरी वेगळी. मौज अशी, की स्नोफ्लेकच्या बोलीत 'वेअरहाऊस' म्हणजे कोठार नव्हेच. कोठारात राबणारी पल्लेदारांची टोळी होय. टोळी कामाला लागली की सेकंदाच्या हिशेबाने मजुरी चढते, आणि प्रत्येक वेळी उठविली की निदान एका मिनिटाची द्यावीच लागते. टोळीचा आकार एका पायरीने वाढविला की मजुरी दुप्पट. काम संपताच टोळीने आपोआप झोपावे, असे फर्मान पहिल्याच दिवशी घालून ठेवले नाही, तर रिकाम्या बसलेल्या पल्लेदारांचे बिल महिनाअखेर मालकापुढे येते.

आता स्वयंचलनाविषयी. कीर्दीतून खतावणीत आकडे नेण्याच्या शेकडो आज्ञा पूर्वी प्रोग्रामर हाताने लिहीत. एका खात्याचे नाव बदलले की वीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागे आणि एकविसावे ठिकाण राहून जाई. हे लिहिण्याचे कामच यंत्राकडे सोपविणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या; न्यूझीलंडमध्ये जन्मलेली 'व्हेअरस्केप रेड' ही त्यांतली एक. कोणता रकाना कोठून घ्यावा आणि कोठे न्यावा, एवढे तिला दाखवावयाचे. आज्ञा ती लिहिते, रात्रीच्या ठरल्या वेळी चालविते, आणि काय केले याची नोंदही ठेवते.

ती बसविण्याचा क्रम थोडक्यात असा. विंडोजच्या यंत्रावर आज्ञावली चढवावयाची. तिची स्वतःची एक वही लागते, जीत सर्व व्याख्या आणि नियम राहतात. अलीकडच्या आवृत्त्यांत ही वही पोस्टग्रेस नावाच्या मुक्त माहितीसंचात उघडतात. मग कोठाराशी बोलणारा दुभाषा, म्हणजे ओ. डी. बी. सी. ड्रायव्हर, बसवावयाचा, मूळ वह्यांच्या जोडण्या द्यावयाच्या, त्या कोठाराच्या बोलीतले नमुने भरावयाचे, आणि शेवटी वेळापत्रक लावावयाचे. जाणत्या माणसाला यात विशेष अडत नाही. अडते ते पुढे.

पहिली गोष्ट घड्याळाची. स्नोफ्लेकचे खाते उघडले की त्याचे घड्याळ मुळात अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या वेळेवर लावलेले असते. ते कोणी बदलले नाही आणि नोंदीची वेळ कोठारानेच उमटवावयाची असेल, तर दाल बाजारात १ एप्रिलला सकाळी दहा वाजता झालेला सौदा तेथे ३१ मार्चच्या रात्री साडेनऊचा ठरतो. नव्या वर्षाची भवानी जुन्या वर्षाच्या खात्यावर! दुसरी गोष्ट अपूर्णांकांची. वजनाचा रकाना केवळ 'संख्या' म्हणून सोडून दिला तर तेथे दशांश राहत नाहीत, १२.३५ क्विंटलचे मुकाट्याने १२ होतात. यंत्र तक्रार करीत नाही. ते रोज रात्री तीच चूक नेमाने करीत राहते आणि तक्ते मात्र सुबक दिसतात.

याहून बिकट प्रश्न शब्दांचे. एका वहीत अरहर, दुसरीत तुअर, मराठी मुनिमाच्या हातची तूर. ही तीन धान्ये की एक? गोटा आणि फोड यांना एका खात्यावर घालावे काय? पोते हे तर माप नव्हेच. कोठे ते पन्नास किलोचे, कोठे तिसाचे. सुमारे ३७ किलोचा मण १९६२ मध्ये कायद्याने व्यवहारातून गेला आणि क्विंटल आला, म्हणून जुन्या वह्यांतील आकडे नव्यांशी थेट जुळत नाहीत, हे अनेकांस ठाऊक असते. आजचे पोते दोन गोदामांत दोन वजनांचे असू शकते, हे मात्र विसरले जाते. वर्ष तरी कोणते धरावे? सरकारचे एप्रिलचे, की वहीपूजनापासून पुढे चालणारे दिवाळीचे?

या प्रश्नांची उत्तरे बंगळूरहून किंवा पुण्याहून आलेला तरुण अभियंता देऊ शकत नाही, आणि त्याने ती देऊही नयेत. ती दाल बाजारातच मिळतात. पुष्कळ पेढ्या आज्ञावलीवर पैसा खर्च करतात आणि मुनिमाला मात्र त्या खोलीत बोलावीतदेखील नाहीत. वास्तविक आज्ञावलीच्या वहीत पहिली व्याख्या लिहिली जाते तेव्हा तिच्यासमोर मुनीमच बसलेला असावा. त्याच्या डोक्यातील जे जे या वहीत उतरेल तेवढेच त्याच्या मागे उरणार. म्हणूनच या वहीची प्रत दुसऱ्या ठिकाणी राखणे हे कोठारातील आकड्यांच्या प्रतीपेक्षाही निकडीचे. आकडे मूळ वह्यांतून पुन्हा भरता येतात. व्याख्या कोठून भरणार?

बदललेल्या गोष्टींची नोंद कशी ठेवावी, यावर किंबॉल यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याचा उत्तम नमुना वसईकडील कोणत्याही चर्चच्या कार्यालयात पाहावयास मिळतो. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाची नोंद एकदा झाली की ती खोडत नाहीत. पुढे त्याचा विवाह झाला तर तो त्याच नोंदीच्या कडेला लिहितात. १९०७ च्या 'ने तेमेरे' या हुकुमाने तसे बंधनच घातले. मूळ ओळ तशीच राहते आणि आयुष्य समासात वाढत जाते. पेढीचा एखादा गिऱ्हाईक गावोगावचा फुटकळ दुकानदार होता, तो आता ठोक व्यापारी झाला. म्हणून त्याची पूर्वीची सर्व खरेदी ठोक दराची समजणे खोटे होईल. जुनी ओळ तारखेसह मिटवावी आणि नवी ओळ तारखेसह उघडावी. आज्ञावलीत याची सोय असते. पण कोणत्या रकान्यासाठी ती वापरावी हे तिला सांगावे लागते.

किल्ल्यांचाही विचार हवा. कोठाराच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने रोजचे काम चालवू नये. स्वयंचलनाला स्वतंत्र नाव, मोजके अधिकार आणि परवलीच्या शब्दाऐवजी गुप्त किल्लीची जोडी द्यावी. ती जोडी पेढीच्या हाती असावी, बसवून देणाऱ्याच्या नव्हे.

आणि हेही सांगितले पाहिजे, की एका गाळ्याच्या दुकानाला यातील कशाचीही गरज नाही. त्याला एक चांगली हिशेबाची आज्ञावली आणि एक चांगला मुनीम पुरतो. गिरण्या, शाखा आणि अनेक गोदामे असलेल्या पेढ्या, सहकारी संघ, बँका यांनीच या वाटेला जावे.

जे जातील त्यांनी पहिल्या महिन्यात ताळा घ्यावा. तीन दिवस निवडावेत: एक साधा दिवस, एक ३१ मार्च, आणि एक असा की ज्या दिवशी विकलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठविला. तिन्ही दिवसांची बेरीज मुनिमाने कागदावर करावी आणि कोठाराच्या बेरजेशेजारी ठेवावी. पहिला दिवस बहुधा जुळतो. परत आलेली पोती कोठार वजा करते की पुन्हा एकदा विक्री म्हणून मिळविते, हे तिसऱ्या दिवशी कळते.