जठराचा लिंफोमा आणि सी. टी. स्कॅन
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आमच्या माकुणसारात पोट दुखू लागले की प्रथम ओवा, मग सोडा आणि शेवटी आम्लपित्ताच्या गोळ्या, असा क्रम ठरलेला आहे. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी याच क्रमाने सहा महिने घालविले. अन्नावरची वासना उडाली, वजन घटले, तेव्हा कोठे दुर्बिणीची तपासणी झाली. जठरातून काढलेल्या तुकड्यात लिंफोमा आढळला. पुढे सी. टी. स्कॅन करावयास सांगितले, तेव्हा घरची मंडळी म्हणाली, "रोग कळला, आता आणखी फोटो कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे आहे.

लिंफोमा हा लसिकापेशींचा कर्करोग होय. जठराच्या नेहमीच्या कर्करोगाहून तो निराळा आणि त्याचे उपचारही निराळे. त्याची जात ठरविणे हे तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकी परीक्षेचे काम आहे. सी. टी. चित्रात जठराची भिंत जाड दिसली तर संशय येतो, निश्चिती होत नाही. आरंभीच्या रोगात चित्र निर्दोषही दिसू शकते. परंतु रोग जठराबाहेर कोठवर गेला, हे सी. टी. दाखविते. पोटातील व छातीतील ग्रंथी, यकृत, प्लीहा ही सारी त्यात तपासली जातात.

त्यावरून अवस्था ठरते. १९९३ साली लुगानो येथे ठरलेल्या पद्धतीप्रमाणे रोग जठरापुरताच असेल तर पहिली अवस्था, पोटातील ग्रंथींत शिरला असेल तर दुसरी, आणि दूरच्या इंद्रियांत किंवा छातीतील ग्रंथींत पोहोचला असेल तर चौथी. या गणनेत तिसरी अवस्था नाही. पहिल्या अवस्थेतील मंद जातीचा रोग, सोबत हेलिकोबॅक्टर जंतू असल्यास, केवळ जंतुनाशक औषधांनीही अनेकदा मावळतो. शीघ्र जातीस किमोथेरपी लागते. म्हणजे त्या एका चित्रावर उपचारांची दिशा बरीच अवलंबून असते.

बंधूंची जात शीघ्र आणि अवस्था दुसरी निघाली. किमोथेरपी झाली. आज ते वाडीत हिंडतात, नेमाने तपासणीस जातात.

बांधवहो, वजन घटणे, काळे शौच होणे, वारंवार उलटी होणे ही लक्षणे दिसताच ओव्याचा डबा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. स्कॅनपूर्वी मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा पूर्वी औषधाची वावडी झाली असल्यास अवश्य सांगा. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. सफाळ्याहून मुंबई दूर नाही. विलंब मात्र फार दूर नेतो.