नगरभवनाच्या पायऱ्या आणि कचेरीचे दार

(पालघर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक इमारत कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. जनतेच्या पैशाने बांधली ती जनतेची, असे उत्तर कोणीही देईल. परंतु इतिहास इतके सरळ उत्तर देत नाही. इमारत बांधली जाते एका हेतूने आणि वापरली जाते दुसऱ्याच हेतूने. तिचे दार कोणासाठी उघडायचे, हे मात्र प्रत्येक पिढीला झगडूनच ठरवावे लागते. मुंबईच्या टाऊन हॉलची कथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

कोटातील हॉर्निमन सर्कलसमोर, तीस पायऱ्यांवर उंच खांबांच्या रांगेत उभी असलेली ही वास्तू १८३३ मध्ये पूर्ण झाली. तिची कल्पना निघाली ती १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीच्या विद्वान साहेबांमध्ये. आराखडा केला कर्नल टॉमस कूपर या लष्करी अभियंत्याने. पैशासाठी सोडत काढण्यात आली. ती रक्कम अपुरी पडली, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारने उचलला. कंपनीचा पैसा म्हणजे काय? १८१७-१८ नंतर उत्तर कोकण कंपनीच्या ताब्यात आले होते आणि शेतसारा हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. म्हणजे ग्रीक धाटणीच्या त्या खांबांमध्ये कोकणातील कुणब्याच्या घामाचाही वाटा होता. नाव नगरभवनाचे, नगरातील सामान्य माणसाला मात्र तेथे स्थान नव्हते. तेथील ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या एशियाटिक सोसायटीनेही पहिला भारतीय सभासद, माणकजी खरशेटजी, १८४० मध्ये स्वीकारला.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी याच पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाल्याची वार्ता प्रजेने पायऱ्यांखाली उभे राहून ऐकली. राज्यकर्ता वर आणि प्रजा खाली, हेच त्या वास्तूचे तोवरचे राजकीय शास्त्र होते. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक येथे भरली. जगन्नाथ शंकरशेट तिचे एक सभासद होते. परंतु ते कौन्सिल निवडलेले नव्हते, नेमलेले होते. विधिमंडळाचा आरंभ लोकमताने नव्हे, तर मर्जीने झाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे मात्र बदल घडला, आणि तो दगडविटांत घडला नाही. २८ एप्रिल १८८३ रोजी इल्बर्ट विधेयकाच्या समर्थनार्थ याच सभागृहात सभा भरली. काळ्या न्यायाधीशापुढे गोऱ्या आरोपीने उभे राहावे की नाही, असा तो प्रश्न होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तेथे भाषणे केली. साहेबांच्या पुतळ्यांसमोर साहेबांच्या विशेषाधिकाराला आव्हान मिळाले. तरीही हे आव्हान सुशिक्षितांचे होते, सनदशीर होते आणि दाराच्या आतले होते.

दार खऱ्या अर्थाने हादरले ते १९१८ मध्ये. त्या वर्षी १० जून रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली होती. युद्धाला माणसे हवीत, पण स्वराज्याचा शब्द नको, अशी सरकारची इच्छा होती. लोकमान्य टिळक त्या विषयाकडे वळताच त्यांना अडविण्यात आले आणि ते सभागृह सोडून निघून गेले. सहा महिन्यांनी, ११ डिसेंबर रोजी, याच विलिंग्डनसाहेबांच्या गौरवासाठी ‘मुंबईच्या नागरिकांची’ सभा टाऊन हॉलमध्ये बोलावण्यात आली. नागरिकांच्या नावाने मूठभर धनिकांनी मानपत्राची तयारी चालविली होती. तेव्हा बॅरिस्टर जिना, हॉर्निमन आणि त्यांचे सहकारी यांनी खऱ्या नागरिकांना घेऊन सभागृह भरून टाकले. गौरवाचा ठराव गोंगाटात बुडाला आणि अखेर पोलिसांना सभागृह रिकामे करावे लागले. त्या प्रसंगाची आठवण म्हणून लोकांनी एकेक रुपया वर्गणी दिली, आणि तिच्यातून काँग्रेस हाऊसच्या आवारात पीपल्स जिना हॉल उभा राहिला. एक सभागृह सोडतीच्या आणि सरकारच्या पैशाचे, दुसरे एकेका रुपयाचे. या दोहोंमधील अंतर म्हणजेच लोकशाहीच्या प्रवासाचे अंतर होय. जिनांचे पुढील राजकारण आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. परंतु म्हणून त्या दिवशीच्या जनतेचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही.

स्वातंत्र्यानंतर त्या वास्तूने पुन्हा रूप बदलले. ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४ नुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती जेथे जमा होतात, त्या मोजक्या ग्रंथालयांपैकी एक येथे आले. इमारतीच्या एका भागात मुद्रांक कार्यालय आले. म्हणजे आज टाऊन हॉलमध्ये एका दाराने संशोधक जातो, तर दुसऱ्या दाराने घराच्या कागदपत्रांसाठी धडपडणारा सामान्य माणूस. दरबाराचे दप्तर झाले आणि दप्तराशेजारी ग्रंथ आले. हा बदल लहान नव्हे.

पण पालघरमध्ये या कथेचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की या भागाचे नगरभवन म्हणजे कचेरीच होती. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या हाकेने निघालेला मोर्चा पालघरच्या मामलेदार कचेरीवर गेला. गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरबे येथील रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. गावांची नावे पाहा. किनाऱ्यावरची, आजच्या बोईसर-तारापूरच्या शेजारची गावे आहेत ही. मुंबईत लोक सभागृहात शिरले; येथे लोकांनी कचेरीच्या दाराची किंमत रक्ताने मोजली. पाचबत्ती चौक त्याची साक्ष देतो.

त्याच परिसरात १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले आणि औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या गावकऱ्यांना आपली घरे सोडावी लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, आणि शासकीय जमिनीच्या मोबदल्यात सिडकोने कोळगाव येथे मुख्यालयाचे भव्य संकुल उभारले. सोडतीच्या जागी जमीन आली, इतकाच काय तो फरक! इमारत देखणी असण्याला कोणाचाच विरोध नसावा. प्रश्न एवढाच की जव्हार-मोखाड्याहून दिवसभराची मजुरी बुडवून आलेल्या आदिवासीला तेथे बसायला बाक आणि ऐकून घेणारा माणूस मिळतो काय? विस्थापिताचा अर्ज त्या संकुलात फिरतो की पडून राहतो? द्वारसभेवर भागविणाऱ्या कंत्राटी कामगाराला चार भिंतींच्या आत हक्काने सभा घेता येते काय?

कार्यकर्त्यांनी ही तीन उत्तरे स्वतः जाऊन शोधावीत. गावोगावची माणसे बरोबर न्यावीत आणि मिळेल ते लिहून ठेवावे. टाऊन हॉलच्या पायऱ्या तीसच राहिल्या. त्या चढणारी माणसे बदलली, म्हणून वास्तू बदलली. कोळगावच्या पायऱ्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे.