जिन्याखालची चेतक पुन्हा रस्त्यावर

१९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक आजही कित्येक जिन्यांखाली धूळ खात उभी आहे. जुनी टू-स्ट्रोक चेतक सुरू करायची, तर लगेच किक मारू नका. टाकीतलं शिळं पेट्रोल आधी काढून टाका. त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटचं बारीक छिद्र बुजवतो. ते साफ करून घ्या. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइलचे चार थेंब सोडा, किक हाताने सावकाश दाबा. जखडलेला पिस्टन मोकळा होईल. प्लग घासून बसवा. ताज्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायला विसरू नका. या इंजिनाला वंगण त्यातूनच मिळतं. ब्रेक, केबल, टायर तपासल्याशिवाय मात्र रस्त्यावर काढू नका. थोडी निगा राखलीत, तर ही गाडी अजून बरीच वर्षं साथ देईल.