लहानग्यांचे फोटो काढताना

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा फोटोसाठी माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागे. आता तसं नाही, तरी आपण मुलांना अजूनही ‘हलू नकोस’ म्हणून दटावतो. मला हे अगदी पटत नाही. मूल हलणारच! शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागाहून अधिक ठेवा. पळापळ असेल तर ५००व्या.

रोह्यात कुंडलिका नदीच्या काठी फोटो काढायला जायचं तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि मुलं डोळे किलकिले करतात. ऊन टळत नसेल तर झाडाच्या सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका चमकतो आणि चेहरा जिवंत होतो. आणि हो, पाण्याजवळ एक मोठं माणूस फक्त मुलावर लक्ष ठेवायला हवं.

मॉडेलला पोझ सांगता येते, मुलाला खेळ द्यावा लागतो. त्याची झोप आणि खाणं झाल्यावरची वेळ ठरवा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, खुशाल मांडी घालून बसा. मूल कंटाळलं की लगेच थांबा. फोटो कुठे टाकायचा असेल, तर आधी आईवडिलांना विचारा. मूल कळतं असेल तर त्यालाही.