पिकअपचे ब्रेक पॅड : निवड कोणी आणि कशी करावी?

(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही वेतन आयोगावर बोलणार नाही, ब्रेक पॅडवर बोलणार आहोत. हसू नका. मालगाडी सुटताना लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर) यांच्या हाती ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असते. त्याशिवाय गाडी हलत नाही. पण आपल्या गँगला साइटवर नेणारा किंवा टपालाच्या थैल्या स्टेशनवर आणणारा ठेकेदाराचा पिकअप रोज सुटतो. त्याचे ब्रेक कोणी पाहिले, हे कोणी विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक पिकअप कसारा घाट उतरत होता. दुहेरी कॅबिनमध्ये आपली पाच माणसे, मागे जॅक, पहारी आणि इतर हत्यारे. अर्ध्या घाटात ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पेडल कडक लागले, पण गाडी आवरेना. त्या शहाण्या माणसाने गिअर खाली टाकून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. जीव वाचले, एकाचे मनगट मोडले. चाक काढून पाहिले तर नवेच पॅड काचेसारखे चकाकत होते. ते सुटे, बिनखोक्याचे, बाजारातले सर्वांत स्वस्त पॅड होते. आणि नुकसानभरपाई मागितली गेली ती ड्रायव्हरकडून! आम्ही हरकत घेतली. पॅड ज्याने निवडला, जबाबदारी त्याची.

आता निवड कशी करायची ते पाहू. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणे. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वजन दुप्पट झाले तर ती दुप्पट होते. उतारावर ब्रेक सतत लागतो, निवायला सवड मिळत नाही. हलका पॅड तापला की त्यातली राळ जळते आणि पकड जाते. भोर आणि थळ घाटात आपली रेल्वे १ : ३७ चा उतार उतरते, म्हणून हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. ऑरगॅनिक पॅड मऊ असतो, आवाज करत नाही, पण लवकर झिजतो आणि उष्णतेला लवकर हार जातो. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंड-तांब्याचा भाग मोठा असतो. तो उष्णता सोसतो, मात्र आवाज करतो आणि डिस्क जास्त खातो. सिरॅमिक शांत, टिकाऊ आणि महाग. सपाट रस्त्यावर हलक्या थैल्या नेणाऱ्या गाडीला ऑरगॅनिक किंवा सिरॅमिक चालेल. रोज भरलेली गाडी घाटात चालत असेल तर गाडीच्या कंपनीने नेमून दिलेल्या जोडीचा सेमी-मेटॅलिक पॅडच घ्यावा. म्हणजे आधी वजन आणि रस्ता पाहा, किंमत शेवटी.

पुष्कळ पॅडांच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’पेक्षा ‘एफ’ची पकड जास्त, ‘एफ’पेक्षा ‘जी’ची. दुसरे अक्षर खालचे असेल तर तापल्यावर पकड घटते, हे ओळखावे. अक्षरांवरून पॅडचा टिकाऊपणा मात्र कळत नाही. खोके सीलबंद हवे, पार्ट नंबर जुळला पाहिजे, पक्के बिल घ्यावे.

एकाच डब्याला बिडाचे आणि कंपोझिट ब्लॉक आपण मिसळून लावत नाही. तसेच इथे. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मसाला ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा, लोखंडाला लोखंड घासेपर्यंत थांबू नये. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तीही मोजावी. मागच्या ड्रमचे लायनर विसरू नयेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते, ते दोन वर्षांनी बदलावे. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल मारून कडक करावे. मग मोकळ्या रस्त्यावर, मध्ये निवायला वेळ देत, वीस-पंचवीस वेळा बेताने ब्रेक लावून पॅड बसू द्यावेत. पहिल्याच दिवशी भरली गाडी घाटात घालू नये.

मिस्त्री बांधवांसाठी एक सूचना. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या किंवा बेनामी मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाचा कर्करोग देते. १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. तो हक्क गॅरेजातही लागू आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. एक, पॅडची जात आणि पक्के बिल ही ठेक्याची अट असावी. दोन, पॅड बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि उरलेली जाडी यांची वही गाडीत असावी. तिच्यावर मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघांची सही असावी. तीन, ब्रेक बरोबर नाही म्हणून गाडी न हलवणाऱ्या ड्रायव्हरची मजुरी कापू नये.

तो ड्रायव्हर आपल्या युनियनचा सभासद नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याच्या पायाखालच्या पेडलवर आपल्या पाच माणसांचे जीव होते. उद्या सकाळी पिकअपमध्ये चढण्याआधी त्याला एवढेच विचारा : “दादा, पॅड कधी बदलले?”

कामगार एकजुटीचा विजय असो!