ऋतुनिवृत्ती : शरीर, समजुती आणि उपचार

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्त्रीच्या ऋतुप्राप्तीसाठी मराठी भाषेत शब्दांची वाण नाही. न्हाण येणे, शहाणी होणे, पदर येणे. पुढे दर महिन्याचे कावळा शिवणे, बाहेरची होणे, दूर बसणे. पहिल्या न्हाणाला एके काळी मखर सजत असे, ओटी भरली जात असे, सुवासिनी गाणी म्हणत. तीस-पस्तीस वर्षांनी तीच गोष्ट संपते तेव्हा मात्र मखर नाही, गाणे नाही, आणि शब्दही जेमतेम एक : ‘गेली’. ‘ऋतुनिवृत्ती’ हा शब्द पुस्तकातला; माजघरात तो कोणी उच्चारीत नाही.

वास्तविक ही अवस्था आपल्या शास्त्रकारांना अज्ञात नव्हती. रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षापासून आणि तिचा क्षय पन्नाशीच्या सुमारास, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट नमूद आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवून आणि अश्लीलतेचे खटले सोसून शरीरविषयक चर्चेला मराठीत जागा करून दिली. तरीही या एका विषयापुरती घराघरांतली वाचा बसलेलीच राहिली.

शरीरात घडते ते असे. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. नवी बीजे पुढे निर्माण होत नाहीत. असलेली झिजत जातात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात प्रत्यक्ष पक्व होतात ती चारशे-पाचशेच. हा साठा सरत आला की इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती प्रथम अनियमित होते, मग अगदी मंदावते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, अशी वैद्यकाची व्याख्या आहे. जगभर हे वय सामान्यतः ४५ ते ५५ धरतात. भारतीय स्त्रियांत ते सरासरीने ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा थोडे अलीकडेच येते. चाळिशीपूर्वी पाळी थांबली तर ती अकाली निवृत्ती. तिची वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी.

खरा त्रास असतो तो त्याआधीच्या आणि लगतच्या काही वर्षांत. छातीपासून मानेपर्यंत एकाएकी कढत वाफ चढते, चेहरा लाल होतो, ऐन थंडीत घाम फुटतो. दोन-चार मिनिटांत सारे ओसरते आणि मागे थंडी वाजते. याचे कारण मेंदूत आहे. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या अभावी हळवे होते आणि किंचित उष्णतेलाही ‘फार झाले’ असे समजून घामाचा हुकूम सोडते. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षे टिकल्याचे दिसले आहे. ‘होईल महिनाभरात बरे’ या दिलाशात फारसा अर्थ नाही, तो एवढ्याचसाठी.

रात्री घामाने दोन-तीनदा जाग येते. झोप मोडलेली स्त्री दिवसा चिडते, विसरते, क्षुल्लक गोष्टीवरून तिच्या डोळ्यांत पाणी येते. घरातली माणसे मात्र म्हणतात, ‘हल्ली हिचा स्वभाव बदलला.’ सून नुकतीच घरात आलेली असावी, मुलगी परगावी गेलेली असावी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असाव्यात, अशाच वयात हे सारे येते. मग दोष स्वभावाला देणे सोयीचे पडते. पतीलाही ठाऊक नसते. योनिमार्गातील कोरडेपणामुळे शरीरसंबंध वेदनादायक होतो, हे ती सांगत नाही, आणि तो त्याचा अर्थ दुरावा असा लावतो. मूत्रमार्गाचा दाह पुन्हा पुन्हा होतो, त्याचेही मूळ पुष्कळदा हेच.

हाडांचे नुकसान तर अगदी गुपचूप होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ती झपाट्याने विरळ होतात. कळते ते सत्तरीत, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यावर.

उपचारांचा इतिहास मोठा चढउताराचा आहे. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचे एक पुस्तक गाजले. ऋतुनिवृत्ती हा जणू उणिवेचा रोग असून इस्ट्रोजेनने स्त्री चिरतरुण राहते, असा त्याचा सूर होता. १९७५ च्या सुमारास लक्षात आले, की गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिल्यास त्याच्या अस्तराचा कर्करोग संभवतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध देऊ लागले. पुढे २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील एक अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि जगभर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. प्रत्यक्षात ती वाढ दरवर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जादा रुग्णांइतकी होती, आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. पन्नाशीच्या स्त्रीला तोच हिशेब लावणे हा अतिरेकच झाला.

आज तज्ज्ञांचे मत साधारण असे : वय साठच्या आत किंवा निवृत्तीला दहा वर्षे झालेली नाहीत, आणि त्रास तीव्र आहे, अशा स्त्रीला संप्रेरके बहुधा हितावह ठरतात. त्वचेतून दिलेल्या इस्ट्रोजेनने गुठळ्यांचा धोका कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वा यकृताचा गंभीर विकार झालेल्यांना मात्र ती सामान्यतः देत नाहीत. त्यांच्यासाठी नैराश्यावरची काही औषधे अल्प मात्रेत उपयोगी पडतात. तापमानाच्या केंद्रावरच काम करणारे फेझोलिनेटंट हे संप्रेरकविरहित औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. नुसता कोरडेपणा असेल तर स्थानिक मलम पुरते. शतावरी, सोयाबीन यांची ख्याती मोठी, पुरावा तोकडा. नाचणी, तीळ, दही, सकाळचे ऊन आणि रोजचे चालणे यांना मात्र कोणत्याच डॉक्टरची हरकत नाही.

एका गोष्टीबाबत हयगय नको. पाळी वर्षभर बंद राहिल्यानंतर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी तपासणी त्वरित करावी. बहुतेकदा कारण साधे निघते. काहींच्या बाबतीत तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्यासारखा असतो.

याच्या अगदी उलट टोकाला दुसरी आपत्ती आहे : ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ साली झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दुखण्याने खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड. म्हणून कित्येकींनी ऐन तिशीत हा मार्ग पत्करला होता. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर निवृत्ती हळूहळू येत नाही, चार-आठ दिवसांत कोसळते. हाडे व हृदय यांचे संरक्षणही त्याच दिवशी जाते. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षे आधीच थकतात. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी स्त्रीने आणि तिच्या पतीने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : शस्त्रक्रियेवाचून इलाज आहे काय, बीजकोश काढणार की ठेवणार, आणि काढल्यास पुढे संप्रेरके देणार काय. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली, तर कागद तसाच ठेवून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.