ठोसा थांबवायला शिका
(जिल्हा स्पर्धेच्या सहा आठवडे आधी वस्तीतल्या कराटे वर्गात केलेलं भाषण)



हार नको, खुर्ची नको. उभ्यानंच बोलतो. सहा आठवडे उरलेत, गोड बोलण्यात ते घालवायचे नाहीत.

आधी माझी फजिती ऐका. वय एकोणीस. जिल्ह्याची फायनल. मी दोन गुणांनी पुढं. समोरचा पोरगा माझ्याकडं बघून हसला. नुसता हसला. माझ्या डोक्यात सणक गेली. पुढचा ठोसा मी जीव खाऊन हाणला. त्याचं नाक फुटलं. मॅटवर रक्त. आपली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मला वाटलं, जिंकलो. पंचानं विजयी म्हणून त्याला दाखवलं. मी बाद. आईनं दुसऱ्यांची धुणीभांडी करून भरलेली फी, दोन वर्षांचा घाम, सगळं एका ठोशात गेलं. पुढं वर्षभर मी सांगत फिरलो, की पंच विकला गेला होता. खोटं होतं ते. आज तुमच्यासमोर कबूल करतो. चूक माझी होती.

हाणामारी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. नळावर शिकलो, रॉकेलच्या रांगेत शिकलो. म्हणून वाटतं, कराटे म्हणजे तेच, फक्त पांढरे कपडे घालून. तसं नाही. रस्त्यावर समोरचा पडला की भांडण मिटतं. स्पर्धेत समोरचा पडला की तुमचा हिशेब सुरू होतो.

टोकियो ऑलिंपिक बघा. कोरोनामुळं ते २०२१ साली भरलं. कराटे तिथं पहिल्यांदा आलं. ७५ किलोवरच्या पुरुषांची फायनल. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढं. जिंकला असता तर त्याच्या देशाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्यानं लाथ मारली ती इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला बसली. गडी बेशुद्ध. स्ट्रेचरवरून नेला. आणि सुवर्ण त्यालाच मिळालं. हामेदी अपात्र, हातात रौप्य. जगातला एवढा मोठा खेळाडू, त्याचीही लाथ थांबली नाही.

आता दुसरा माणूस. कराटे मूळ ओकिनावाचं. ते बेटांचं वेगळं राज्य, १८७९ साली जपाननं गिळलं. 'कराटे' म्हणजे रिकामा हात. रिकामा हात काय असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या ओकिनावाच्या र्यो कियुनानं टोकियोत काताचं सुवर्ण घेतलं. कातामध्ये समोर कुणी नसतं. आपलं अंग, आपला श्वास, आणि कुठं थांबायचं याची जाण. पदक घेताना त्याच्या हातात वारलेल्या आईचा फोटो होता.

म्हणून आता कामाचं सांगतो.

ठोशाला १ गुण, अंगावरच्या लाथेला २, डोक्यापर्यंत नेलेल्या लाथेला ३. जोराचे वेगळे गुण नाहीत. नेम, वेग, अंतर आणि ताबा, यांचे गुण. तेव्हा रोज दोऱ्याला वर्तमानपत्राचा कागद टांगा आणि त्यावर ठोसे मारा. कागद हलला पाहिजे, फाटता कामा नये. हात जेवढ्या वेगानं जातो तेवढ्याच वेगानं मागं यायला हवा. फाटला कागद, तर समजा तुम्ही बाद.

अंतर पायांनी मोजा, हातांनी नव्हे. अर्धं पाऊल आत, मारून लगेच बाहेर. मारून उभं राहणारा मार खातो.

टोकियोत मोठ्यांची लढत ३ मिनिटांची होती. तुम्ही घड्याळ लावून सराव करा. शेवटची पंधरा सेकंदं वेगळी घोटा: एका गुणानं पुढं असताना काय, एका गुणानं मागं असताना काय. एका दिवसात चार-पाच लढती पडतात, म्हणून थोडी विश्रांती, पुन्हा लढत, पुन्हा विश्रांती, असा दम वाढवा. वजन उतरवायला उपाशी राहू नका. उपाशी राहण्यात आपली कसली आलीय बहादुरी? ते आपण लहानपणीच करून बसलोय.

आणि सरावात एकानं समोरच्याला मुद्दाम डिवचायचं. शिव्या द्या, हसा. ज्याचा कागद तरीही फाटत नाही, तो तयार झाला.

राग सोडा, असं मी म्हणणार नाही. राग आपला आहे, कष्टाचा आहे. पण एखादा नुसता हसून तुमचा हात पाहिजे तसा चालवणार असेल, तर तो हात तुमचा नाही. त्याचा आहे. माझा हात त्या दिवशी माझा नव्हता. एवढंच सांगायला आलो होतो.

उद्या सकाळी सहाला मैदानात. रद्दी मी आणतो. दोरा तुम्ही आणा.